नदीकाठच्या केबलचोऱ्या, पोलिसांतील नोंद आणि गावाची रात्रीची गस्त

कुकडीकाठ (प्रश्न)

आमचे गाव शिरूर तालुक्याच्या कडेला, कुकडीच्या काठावर आहे. नदीपलीकडे पारनेर तालुका, म्हणजे अहिल्यानगर जिल्हा सुरू होतो. बंधाऱ्यात पाणी अडलेले असल्यामुळे दोन्ही काठांवर कृषीपंप ओळीने बसलेले आहेत आणि गेल्या दोन हंगामांत या पंपांच्या केबली कापून नेण्याचे प्रकार सतत घडत आहेत. सकाळी मोटार चालू करायला गेलेल्या माणसाला स्टार्टरपासून पाण्यापर्यंतची केबल नाहीशी झालेली दिसते. मग दोन-चार दिवसांनी एखाद्या ओढ्यात जळलेल्या रबराचा काळा ढीग सापडतो, कारण तांबे मोकळे करण्यासाठी केबल तिथेच जाळलेली असते. माझी केबल तीन वेळा गेली. तिसऱ्या वेळी उसाच्या खोडव्याचे पाणी ऐन उन्हाळ्यात चुकले आणि त्या तुकड्याचे जे नुकसान झाले, ते केबलीच्या किमतीच्या कितीतरी पट होते.

थ्री-फेज वीज आलटून पालटून रात्रीची असते आणि बिबट्याच्या भीतीने रात्री नदीकडे कोणी थांबत नाही, ही गोष्ट चोरांनाही ठाऊक आहे. पहिल्या चोरीनंतर मी पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा साधा अर्ज घेऊन त्यावर शिक्का मारून दिला. दुसऱ्या वेळी अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही असा गुन्हा, म्हणून नोंद झाली. तिसऱ्या वेळी मी गेलोच नाही. आमच्या गावात नुकसान झालेल्या अकरा जणांपैकी सात जणांनी तक्रार दिलेली नाही. तरीही आमच्या भागात चोऱ्या कमी झाल्या आहेत असे बैठकीत आम्हाला सांगण्यात आले.

आता गावाने रात्रीची गस्त सुरू करायचे ठरवत आणले आहे. त्याच बैठकीत, माळावर दरवर्षी उतरणाऱ्या भटक्या लोकांची पाले (तंबू) या वर्षी उठवावीत असेही बोलणे निघाले आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. मीही त्यांत होतो. घरी आल्यावर मात्र मन स्वस्थ राहिले नाही, कारण त्यांच्यापैकी कोणाला चोरी करताना गावातल्या एकाही माणसाने पाहिलेले नाही. तक्रार नीट नोंदवून घेण्यासाठी काय करावे, गस्तीला कायद्याचा आधार कसा मिळतो आणि पालांच्या बाबतीत आमची चूक होत आहे का, हे जाणत्यांनी सांगावे.

तालुका वकील

पहिली गोष्ट म्हणजे शिक्का मारलेला अर्ज ही फिर्याद (एफआयआर) नव्हे. अर्जावर चौकशी होऊ शकते, पण गुन्ह्याचा क्रमांक पडत नाही आणि क्रमांक नसलेला गुन्हा वर्षाच्या आकडेवारीत कुठेही दिसत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, मग गुन्हा त्या ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो वा नसो. आपल्याकडे नदीच जिल्ह्याची सीमा असल्यामुळे "ते पलीकडच्या हद्दीत येते" हे उत्तर वरचेवर ऐकू येते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. खबर इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन तिच्यावर सही करावी लागते. नोंदीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळाली पाहिजे.

आपली दुसरी तक्रार अदखलपात्र का ठरली असावी, याचे कारणही नव्या कायद्यांतच आहे. गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये, पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी पहिल्यांदाच करणाऱ्याने माल परत केला तर त्याला समाजसेवेची शिक्षा देण्याची तरतूद आहे, आणि हा प्रकार अदखलपात्र वर्गात टाकलेला आहे. चोर कोण हे माहीत नाही आणि माल परत आलेला नाही, अशा वेळी केवळ किंमत पाहून तक्रार त्या वर्गात ढकलणे मला पटत नाही. व्यवहारात मात्र सगळे किमतीवरच अडते. शेतकरी अंदाजाने "तीन-चार हजारांची असेल" असे बोलून जातो आणि तेच कागदावर उतरते. त्यामुळे केबलचे बिल जपून ठेवा. बिल नसेल तर किती फूट, किती चौरस मिलिमीटरची, तांब्याची की ॲल्युमिनियमची हे लिहून दुकानदाराकडून आजचा दर घ्या. एकाच रात्री चार जणांच्या केबली गेल्या असतील तर चौघांनी मिळून जा आणि एकूण नुकसान फिर्यादीत येईल असे पाहा. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) फोडून आतले तांबे नेले असेल, तर विद्युत अधिनियम, २००३ चे कलम १३६ लागते आणि तिथे पाच हजारांचा प्रश्नच येत नाही.

ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले आहे की खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवणे बंधनकारक आहे. नव्या संहितेने तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा दिली आहे, पण ती मुदत अर्ज महिनोन्‌महिने पडून राहण्यासाठी नाही. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवा आणि तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हा मार्ग लांबचा आहे हे मान्य, तरीही तिसऱ्या वेळी आपण ठाण्याची पायरी चढायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

निवृत्त हवालदार

मी ग्रामीण पोलिसांत नोकरी केली आहे, म्हणून आकड्यांविषयी लिहितो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात जो आकडा असतो तो नोंदलेल्या गुन्ह्यांचा असतो. शिवाय एका गुन्ह्यात अनेक कलमे असली तर त्यांतले सर्वांत गंभीर तेवढेच मोजले जाते. एखाद्या ठाण्याने प्रामाणिकपणे नोंदी घ्यायला सुरुवात केली की त्या वर्षी त्याचा आकडा फुगतो आणि वरिष्ठांच्या बैठकीत त्याच अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. माझ्या नोकरीत ही गोष्ट मला फार टोचत असे. त्यामुळे आपल्या भागात चोऱ्या कमी झाल्या की तक्रारी कमी झाल्या, हे त्या एका आकड्यावरून सांगता येणार नाही. तुमच्या अकरापैकी सात जण कागदावर कुठेच नाहीत, एवढे मात्र निश्चित आहे.

गावाने स्वतःची वही ठेवावी. चोरीची तारीख, ठिकाण, त्या आठवड्यात वीज दिवसाची होती की रात्रीची, केबल कुठे जाळली आणि तिथून गाडीरस्ता किती लांब आहे, एवढे लिहा. दहा-बारा नोंदी झाल्या की चोर कोणत्या वाटेने येतो ते बहुधा दिसू लागते, कारण शे-दोनशे फूट केबल कोणी पायी फार दूर नेत नाही. दुसरे म्हणजे भंगाराची दुकाने. चोरीचे तांबे विकले जाते तिथवर पोहोचल्याशिवाय या चोऱ्या थांबत नाहीत, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. परिसरातल्या भंगार खरेदीच्या नोंदी तपासाव्यात, अशी लेखी मागणी ग्रामपंचायतीच्या ठरावासह ठाण्याला द्या. गावकऱ्यांनी स्वतः दुकानात शिरून झडती घेऊ नये. त्यातून मारामारी होते आणि पुरावाही वाया जातो.

मंगळवेढ्याहून

पालांच्या मुद्द्यावर मला लिहिणे भाग आहे. मी भटक्या-विमुक्तांत जन्मलेला शिक्षक आहे आणि माझे बरेच आप्त आजही वर्षातले काही महिने पालावर असतात.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्यांतले बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातले होते आणि भिक्षा मागत तिकडे गेले होते. मारणारे सराईत गुन्हेगार नव्हते. ते तुमच्या-माझ्यासारखे संसारी लोक होते आणि मोबाईलवर आलेल्या अफवेने घाबरलेले होते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले, तेव्हाही चोर फिरत असल्याच्या अफवेने गावे जागी होती. २०२४ च्या पावसाळ्यात चोर ड्रोनने टेहळणी करतात अशी बोलवा उठली आणि पुणे, अहिल्यानगरपासून मराठवाड्यापर्यंत गावेच्या गावे काठ्या घेऊन रात्री बाहेर पडली. त्या दिवसांत माझ्या चुलत्यांनी पाल मोडून घरचा रस्ता धरला, कारण अंधारात अनोळखी गावाजवळ राहण्याचे धैर्य त्यांना होईना.

ब्रिटिशांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणात ठेवली जात आणि त्यांना हजेरी द्यावी लागे. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण चोरी झाली की पहिली नजर पालाकडे जाते, ती अजून तशीच आहे. कुकडीकाठ, आपण मान डोलावली हे आपणच लिहिले, म्हणून आपल्याशी मोकळेपणाने बोलावेसे वाटते. आपल्या माळावर येणारे लोक दरवर्षी येतात, म्हणजे ते अनोळखी नाहीत. त्यांतल्या कर्त्या माणसाला बैठकीला बोलवा. रात्री माळावरून कोणती गाडी गेली, हे उघड्यावर झोपणाऱ्या माणसाला गावातल्या कोणाहीपेक्षा आधी कळते.

पोलीस पाटील ताई

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्या गावात तीन वर्षांपासून गस्त चालू आहे, म्हणून तिच्याविषयी सांगते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये ग्रामरक्षक दलाची तरतूद आहे, तेव्हा आपसांत ठरवून फिरण्यापेक्षा ठाण्यामार्फत दल स्थापन करून घ्या. कोणाची नावे यादीत आहेत आणि आज रात्री कोण फिरत आहे, हे ठाण्याला माहीत असले पाहिजे. आमच्याकडे चौघांपेक्षा कमी जण निघत नाहीत, दारू प्यायलेल्याला घेत नाही आणि बिबट्यामुळे उसाच्या कडेने कोणी एकटा जात नाही. हातात बॅटरी आणि शिट्टी असते. कोणी संशयास्पद दिसला तर अंतर ठेवून थांबतात आणि ११२ वर फोन करतात.

खासगी व्यक्तीला पकडण्याचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे, पण तो आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यापुरता किंवा फरारी घोषित केलेल्या गुन्हेगारापुरता आहे. पकडलेल्याला विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. हे मी गस्तीच्या प्रत्येक नव्या मुलाला वाचून दाखवते.

आमचे गाव ग्रामसुरक्षा यंत्रणेत आहे. एका ठरावीक क्रमांकावर फोन करून बोलले की तोच आवाज गावातल्या सगळ्या फोनवर ऐकू जातो. निरोप कोणी दिला हे आवाजावरून कळते, त्यामुळे अफवा पसरवायला लोक कचरतात. आमच्याकडे गस्तीला सुरुवातीला उत्साहाने चाळीस जण आले होते आणि दोन महिन्यांत नऊ उरले. पाळ्या आठवड्याच्या विजेच्या वेळापत्रकाला जोडल्या, तेव्हा कुठे संख्या पुन्हा वाढली, कारण रात्रीची वीज असलेल्या आठवड्यात पाणी धरायला माणसे तशीही जागी असतात.

कुकडीकाठ

सर्वांचा ऋणी आहे. काल संध्याकाळी पुन्हा बसलो. पाले उठवण्याचा विषय मी स्वतः मागे घ्यायला लावला. दोघांनी बराच विरोध केला, पण राईनपाड्याची हकीकत वाचून दाखवल्यावर त्यांनी आग्रह सोडला. माळावरचे लोक दिवाळीनंतर येतात. ते आले की त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या माणसाला बोलावण्याचे सरपंचांनी मान्य केले आहे.

सात जणांपैकी पाच जण उशिरा का होईना फिर्याद द्यायला तयार आहेत आणि सोमवारी आम्ही बिले घेऊन एकत्र जाणार आहोत. वकीलसाहेब, दोघांच्या केबली गेल्याला वर्ष होत आले आहे. उशीर का झाला याचे कारण फिर्यादीत कसे लिहावे, हे सोमवारच्या आत सांगू शकाल का? आणि ताई, ग्रामरक्षक दलासाठी ठाण्याला दिलेल्या आपल्या पहिल्या अर्जाचा मजकूर इथे देता आला तर आम्हाला फार उपयोग होईल.