नास्तिक म्हणवून घ्यायची सक्ती कशाला?

तिरकीट
कालच्या धाग्यावर निर्भीडरावांनी फर्मान काढलं की देव न मानणाऱ्यांनी स्वतःला नास्तिकच म्हणवून घ्यावं. ‘विवेकवादी’, ‘अज्ञेयवादी’ (म्हणजे देव आहे की नाही ते कळूच शकत नाही म्हणणारे) म्हणवणारे सगळे शेपूटघालू. तिथे दोन ओळींत भागेना, म्हणून हा वेगळा धागा.

देव मीही मानत नाही. पण तशी पाटी गळ्यात घालून हिंडत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये अंनिस, म्हणजे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती, उभी केली तेव्हापासून भूमिका एकच: विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे. म्हणून तर रोज देवपूजा करणारे शिक्षकही कामाला आले. जादूटोणाविरोधी कायद्यातून कीर्तन, भजन, प्रवचन, यात्रा हे सगळं स्पष्ट वगळलंय. तरीही ‘वारी बंद पाडणार’ ही आवई उठलीच, आणि कायदा व्हायला डिसेंबर २०१३ उजाडला, तोही दाभोलकरांच्या खुनानंतर. ‘आम्ही नास्तिक’ अशी सुरुवात केली असती तर विधिमंडळात कागद तरी कुणी हातात धरला असता का? साप चावलेला माणूस मांत्रिकाऐवजी दवाखान्यात गेला की माझं काम झालं. जाताना मारुतीला हात जोडले तर जोडू दे.

निर्भीड
शेपूटघालू म्हटलं, मागे घेत नाही. दाभोलकर संघटना चालवत होते. तुम्ही काय चालवता? समितीच्या विवेकजागराच्या कार्यक्रमांत नटवर्य डॉ. श्रीराम लागू त्यांच्याच मंचावरून ‘देवाला रिटायर करा’ म्हणायचे आणि शेजारी बसून दाभोलकर समितीची भूमिका मांडायचे. कुणाचं काही अडलं नाही. सुधारक आगरकरांची तर पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तुम्हाला फार तर सोसायटीच्या ग्रुपमधून काढतील. २०११ च्या जनगणनेत धर्म न नोंदवलेले २८ लाखांवर आहेत. त्यातले नास्तिक किती? कळायचं कसं? तोंड उघडायला नको.

शास्त्रीबुवा
आपल्या जुन्या दर्शनांतले सांख्यही निरीश्वरवादीच होते, तेव्हा आधी व्याख्या…

तिरकीट
बुवा, नको. दर वेळी सांख्य आणि चार्वाक येतात आणि धागा शंभरी गाठतो.

नागपुरी संत्रा
१४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखोंनी ब्रह्मा-विष्णू-महेश नाकारले. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच आहे ती. आम्ही स्वतःला बौद्ध म्हणतो, नास्तिकांच्या प्रमाणपत्राची गरज पडली नाही. पुण्यात घर बघत होतो. मालकांनी चहा पाजला, ‘आम्ही देवबीव, जातपात काही मानत नाही हो’ म्हणाले. मग आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी फोन: भाचा राहायला येतोय.

निर्भीड
एका घरमालकावरून सगळे नास्तिक झोडू नका.

नागपुरी संत्रा
एक? यादी देऊ का?

उकडीची
माझे सासरे कट्टर नास्तिक, गावभर ख्याती. घरात दीड दिवसाचा गणपती. सासरे आरतीला उठत नाहीत, पेपर वाचत बसतात. तत्त्व! पहाटे पाचला नारळ खवायला मी आणि सासूबाई. उकड मळून हात भाजलेले, पारीला चिरा पडतायत, एकवीस पूर्ण व्हायचेत. पानावर बसले की पहिला मोदक फोडून, वर तूप घालून घेणार, आणि वर ऐकवणार, ‘प्रसाद म्हणून नाही हं, पदार्थ म्हणून.’

खवय्या
चिरा पडतात म्हणजे पीठ जुनं. आंबेमोहोराचं घ्या, पाण्यात चमचाभर तेल.

उकडीची
पिठाचा प्रश्न नाहीये.

तिरकीट
मग करू नका ना! देव मानत नसाल तर सरळ नाही म्हणायचं.

उकडीची
तुम्ही म्हणा ना तुमच्या सासरी जाऊन! तुमच्या न उठण्याला तत्त्व म्हणतात, माझ्या न उठण्याला ‘सुनेनं घर मोडलं’ म्हणतात. पाटी लावायची की नाही ही चैन ज्यांच्या हातावर उकड नाही त्यांची.

खवय्या
बासमतीच्या कण्यांचंही चालतं, पण वास येत नाही.

नागपुरी संत्रा
ताई, हे ‘पदार्थ म्हणून’ फारच भारी.

तिरकीट
बरं, धाग्यावर या. लेकीच्या शाळेच्या अर्जात मी धर्माचा रकाना रिकामा ठेवला होता. हा पळपुटेपणा का? कारकुनाने परस्पर ‘हिंदू’ लिहून टाकलं, ही गोष्ट वेगळी.

निर्भीड
हाच तर पळपुटेपणा! रिकामा का ठेवलात? ‘धर्म नाही’ असं ठणकावून लिहायचं. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय की धर्म जाहीर करायची सक्ती सरकार करू शकत नाही आणि ‘कोणताही धर्म नाही’ असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. तुम्ही जागा सोडलीत, त्याने भरली.

तिरकीट
रकान्यापुरतं मान्य. हार घेऊन येऊ का सत्काराला? पण ते अर्जावर. चारचौघांत छाती बडवायची गरज मला अजूनही दिसत नाही.

उकडीची
निर्भीडराव, तुमच्याकडे गणपती बसतो?

निर्भीड
बसतो. आईसाठी.

उकडीची
आणि मोदक?

निर्भीड
विकत. घरात कुणाला राबवत नाही आम्ही.

उकडीची
रांगेत कोण उभं राहतं?

निर्भीड
बायकोच्या ऑफिसच्या वाटेवरच दुकान आहे.