दुसऱ्यांना ध्येयं लिहायला लावतो आणि माझीच वही कोरी, तुम्हाला हुरूप कुठून येतो?

कृष्णाकाठचा_कोच (सांगली)

नमस्कार मंडळी. सांगलीत बिझनेस कोचिंग करतो, सहा वर्षं होतील. त्याआधी एका फायनान्स कंपनीत वसुलीला होतो, त्यामुळं चांगल्या चालत्या धंद्याची वाट कशी लागते ते दारात उभं राहून बघितलंय. सध्या अकरा क्लायंट, कुपवाड एमआयडीसीतले चार वर्कशॉपवाले, तासगावचे एक बेदाणेवाले, गणपती पेठेतली दोन दुकानं, एक डेंटिस्ट मॅडम, अशी सगळी मिसळ.

तर झालं असं की परवा एका वर्कशॉपवाल्यांच्या घरीच मीटिंग होती, तिथं त्यांची बारावीतली पोरगी चहा घेऊन आली आणि सहज म्हणाली, काका तुम्ही पप्पांना सारखं गोल लिहा गोल लिहा म्हणता, तुमचं यंदाचं गोल काय आहे? मी आपलं काहीतरी बोललो, क्लायंट वाढवायचेत वगैरे. पप्पा हसले. विषय तिथं संपला पण माझ्या डोक्यातून जाईना. रात्री डायरी काढली तर जानेवारीत तीन ओळी लिहिलेल्या, वजन आठ किलो कमी, इंग्रजी सुधारणे, आईला काशीला नेणे. आणि मागच्या वर्षीची डायरी काढली तर त्यात पण ह्याच तीन. त्याच क्रमानं!

पूर्वी मला मोटिव्हेशनची भाषणं ऐकून चार्ज व्हायला व्हायचं. आता सकाळी रील लावली की कोण टाय घातलेला माणूस पहाटे चारला उठायला सांगतो आणि मला झोप येते. वाचन पण तेच तेच वाटतंय. क्लायंटसमोर बसलो की जोर येतो, ते खोटं नाही, पण तिथून बाहेर पडून गाडीला किक मारली की रिकामं. कोचिंगवाले, ट्रेनिंगवाले, मास्तर मंडळी, धंदेवाले, कुणीपण सांगा, कामासाठी आणि स्वतःच्या गोष्टींसाठी तुम्ही हे आणता कुठून? उपदेश नको, तुम्ही काय करता ते सांगा.

भडंग_विथ_कांदा

पहाटे चारला उठा 😂

कास्टिंगवाला (कुपवाड)

कोच नाही, गिऱ्हाईक आहे तुमच्या लायनीचं. म्हणून जरा तिखट लागेल, राग मानू नका.

आमच्याकडं एक कोच यायचे, तुम्ही नव्हे. दर महिन्याला लॅपटॉप उघडून तीच चित्रं, डोंगराच्या टोकावर झेंडा घेतलेला माणूस. आणि प्रत्येक वेळी खाशाबा जाधवांची गोष्ट, जिद्द जिद्द जिद्द. अहो खाशाबा आमच्या मुलखाचे, कराडजवळच्या गोळेश्वरचे, आम्हाला नव्यानं सांगायची गरज हाय का? आणि सांगायचंच तर पूर्ण सांगा की. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला कुस्तीत गेले तेव्हा सहावे आले होते. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. मग ते ब्राँझ आलं. ह्यात जिद्द आहेच, पण कुणीतरी घर गहाण टाकलं हे पण आहे. आमच्या कोचच्या स्लाइडवर खर्डेकर कधी आलेच नाहीत.

शेवटी मी त्यांना म्हणलं साहेब पुढच्या महिन्यात लॅपटॉप घरी ठेवा आणि भट्टी लागायच्या टायमाला शॉपवर या. आले बिचारे, आधी नाकाला रुमाल लावून. दोन तास थांबले. आमचा एक जुना मोल्डर आहे, वाळूचे साचे करणारा, तो वाळू मुठीत दाबून तोडून बघतो आणि सांगतो आज पाणी जास्त झालंय. कोच त्याच्याशीच बोलत बसले, माझ्याकडं बघंनात. त्या दिवशी पहिल्यांदा कामाचं बोलले. म्हणाले, ह्या माणसाच्या डोक्यात जे आहे ते अजून कुणाच्या डोक्यात आहे का? नव्हतं. आता त्याच्या हाताखाली दोन पोरं दिलीत, रिजेक्शन, म्हणजे खराब निघणारा माल, खाली आलंय, एकदम नाही पण आलंय.

तर माझं म्हणणं एवढंच, तुम्ही ज्याला चार्जिंग म्हणताय ते तुमच्या क्लायंटच्याच शॉपवर पडलेलं असतंय. केबिनमध्ये एसीत बसून मिळायचं नाही. आमचं काय, पार्टी ४५ दिवसात पैसे द्यायचा नियम असून ९० दिवस फिरवते, तरी सकाळी भट्टी लावावीच लागते. हुरूप आहे का नाही ते बघायला वेळच कुठाय.

अजिंक्यतारा_खाली (सातारा)

ताई म्हणा, मी पण ह्याच कामात आहे, साताऱ्यात, जास्त करून छोटे धंदे करणाऱ्या बायकांबरोबर. पापड-मसाला, शिवणकाम, ब्युटी पार्लर, दोन शेळीपालनवाल्या. दादा तुमची पोस्ट वाचून हसू आलं कारण माझ्या डायरीत पण "पोहणे शिकणे" तीन वर्षं होतं.

मला दोन गोष्टींनी फरक पडला. एक म्हणजे मला स्वतःला कोच मिळाली. आयसीएफ म्हणजे कोच लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना, तिचं पहिलं सर्टिफिकेट, एसीसी, काढताना १०० तास कोचिंग केल्याची नोंद दाखवावी लागते आणि शिवाय १० तास मेंटॉर कोचिंग, म्हणजे अनुभवी कोचकडून आपलं काम तपासून घेणं, घ्यावं लागतं, ते पण किमान तीन महिन्यांत पसरून. मी ते नुसतं कागदासाठी केलं होतं खरं सांगते. पण चौथ्या सेशनला मॅडमनी माझंच रेकॉर्डिंग ऐकवलं आणि विचारलं, इथं ती बाई रडवेली झाली तेव्हा तू घाईघाईनं पुढचा प्रश्न का विचारलास? मी गप्पच. तेव्हा कळलं की मला तिच्या अडचणीची नव्हे तर सेशन छान व्हायची काळजी होती. ते दहा तास संपले तरी मी त्यांच्याकडं जायचं थांबवलं नाही, महिन्यातून एकदा पैसे देऊन जाते. आपण दुसऱ्यांना सांगतो बाहेरचा माणूस लागतो म्हणून, मग आपल्याला नको?

दुसरं म्हणजे मी इथल्याच माणसांच्या गोष्टी नीट वाचायला लागले, विक्रीच्या बाजूनं. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याला माहिती ते रयत शिक्षण संस्थेचे, १९१९ ला काले गावात सुरुवात, मग साताऱ्यात बोर्डिंग, लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा, हे शाळेत असताना पाठ केलेलं. पण त्याआधी हा माणूस किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरला होता, हे किती जणांच्या लक्षात असतं? आणि तो नांगर खपत नव्हता हो! लोखंडानं जमीन विषारी होते म्हणायचे शेतकरी. लक्ष्मणराव किर्लोस्करांना पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली म्हणतात. दोन वर्षं! मी तीन महिन्यांत पाच क्लायंट मिळाले नाहीत म्हणून रडत होते तेव्हा. मला ह्यातून स्फूर्ती बिर्ती मिळाली असं नाही म्हणणार, लाज वाटली आणि लाजेनं काम झालं. भाऊराव त्या फिरण्यात गावं बघत गेले असणार, कुठं शाळा नाही, कुठली पोरं हुशार आहेत, हा माझा अंदाज आहे पण मला तो पटतो.

आणि चेतना सिन्हांनी काढलेल्या म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचं तर माझ्या बायकांना सांगतेच. पहिल्यांदा लायसन्स नाकारलं, कारण सभासद बायकांचे अंगठे होते. चेतना सिन्हांपेक्षा त्या बायकांनीच धीर धरला, लिहायला शिकल्या, परत गेल्या, १९९७ ला बँक सुरू. हे सांगितलं की माझ्या मसालेवाल्या मावशी म्हणतात, मग आमचं जीएसटीचं काय अवघड.

कास्टिंगवाले दादा तुमचा मोल्डरचा किस्सा मी चोरणार आहे.

पेठेतला_हळदवाला

कोच साहेब, मी थोडं वेगळं बोलतो. सांगलीचे आहात म्हणजे हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, माहिती असतील. २००५ च्या महापुरात बरीच गेली, आता कोल्ड स्टोरेज आलं. माझे आजोबा पेवावर काम करायचे. त्या खड्ड्यात हवा नसते म्हणूनच हळद वर्षानुवर्षं टिकायची, किडा लागत नाही. पण त्याच कारणानं माणूस थेट उतरला तर मेलाच. तोंड उघडून ठेवायचं, काही तास थांबायचं, कंदील सोडून बघायचा, विझला तर उतरायचं नाही.

आता तुमचं सांगतो. अकरा क्लायंट, म्हणजे अकरा जणांच्या उधाऱ्या, भावकी, जीएसटीच्या नोटिसा, बापलेकाची भांडणं सगळं ऐकून घेता तुम्ही. एका मीटिंगमधून उठून लगेच दुसऱ्या. कंदील विझालाय तुमचा, त्याला हुरूप काय करणार? मधी अर्धा तास घाटावर बसा, फोन गाडीत ठेवून. एवढं स्वस्त औषध दुसरं नाही. मी सौदे संपले की आयर्विन पुलावर जाऊन उभा राहतो, बायको म्हणते काय बघता पाण्यात, म्हणलं फूट मोजतो. २०१९ च्या पुरापासून सवयच लागलीय सगळ्या सांगलीला.

रिटायर्ड_शाखाधिकारी

बाकीच्यांचं भावनिक झालं, मी कोरडं विचारतो. तुमची स्वतःची येणी किती थकली आहेत? २८ वर्षं बँकेत कर्जं दिली, ज्याचा हुरूप गेलेला असायचा त्याचं खातं बघितलं की निम्म्या वेळा कारण तिथंच सापडायचं. आणि काशीची तारीख लिहिली होती का नुसतं काशी लिहिलं होतं? तारखेशिवाय कर्ज मंजूर होत नाही, ध्येय कसं होईल.

कृष्णाकाठचा_कोच (सांगली)

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय, माफ करा.

शाखाधिकारी साहेब, तुमचा बाण बरोबर लागला. चार क्लायंटकडून मिळून सव्वा लाख येणं आहे, त्यातल्या एकाचं सात महिन्यांचं. वसुलीत दहा वर्षं काढलेला माणूस मी, आणि स्वतःचे पैसे मागायला लाज वाटते, वा रे पठ्ठ्या. दोघांना फोन केला. एकानं त्याच दिवशी टाकले, म्हणाला मला वाटलं तुम्हाला गरज नाही. दुसऱ्याचा फोन अजून लागत नाही.

कास्टिंगवाले, तुमचं ऐकून बेदाणेवाल्यांच्या शेडवर गेलो, लॅपटॉप न नेता. प्रतवारी करणाऱ्या बायका किती वेगानं हात चालवतात, आणि त्यातल्या एकीनं मला न विचारता सांगितलं की मालक सौद्याच्या आदल्या रात्री झोपत नाहीत म्हणून सकाळी सगळ्यांवर ओरडतात. चार महिने मी त्या माणसाला टीम मॅनेजमेंट शिकवतोय!

सातारच्या ताई, तुमच्या मॅडमचा नंबर मेसेज करा. फी पण सांगा, लपवू नका.

हळदवाले, घाटावर बसलो. तीन दिवस बसलो, चौथ्या दिवशी पाऊस. बरं वाटलं एवढं म्हणतो.

आणि काशीचं. तारीख घालावी म्हणून आईपुढं कॅलेंडर घेऊन बसलो, तिकिटं बघू म्हणलं. तर आई म्हणाली, काशीचं तू लिहिलंयस, मी कधी म्हणाले? मला औदुंबरला जायचंय, दीड वर्ष सांगतेय, तुला रविवारी वेळ नसतो. औदुंबर इथून तासाभराचं पण नाही हो. ह्या गुरुवारी जातोय, सकाळची मीटिंग डेंटिस्ट मॅडमना सांगून पुढं ढकलली.

वजनाचं नंतर बघू.

भडंग_विथ_कांदा

येताना भिलवडीतनं जाणार ना, पेढे आणा. वजनाचं नंतर बघायचंच आहे.