महापालिकेच्या कलादालनात तीन महिन्यांची रेसिडेन्सी: प्रस्तावात नेमकं काय लिहायचं?

धोटा (इचलकरंजी)

नमस्कार. मी हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते आणि शाळा सुटल्यावर वुडकट, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर कोरून कागदावर छापायची चित्रं, करते. घरात यंत्रमाग, त्यामुळे विषयही बहुतेक तेच: धोटा, बीम, कांड्या भरणाऱ्या बायका, रात्रपाळीचे कामगार. कोल्हापुरात ग्रुप शोमध्ये कामं लावली आहेत, त्यापलीकडे अनुभव नाही.

एका महापालिकेच्या कलादालनाने तीन महिन्यांच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथेच राहून काम करण्यासाठी, अर्ज मागवलेत. राहायची सोय आहे, स्टुडिओ म्हणून तळमजल्यावरची एक खोली आहे, महिन्याला मानधन आहे. दालनाकडे जुन्या चित्रांचा संग्रह आहे, त्यात संस्थानी काळातली व्यक्तिचित्रं बरीच. अर्जासोबत दोन पानी प्रस्ताव हवाय आणि 'दर रविवारी नागरिकांसाठी उपक्रम' अशी अट आहे.

तिथे जाऊन काय करणार हे आत्ताच कसं सांगायचं? मागांची मालिका पुढे न्यायची असं मनात आहे, तेवढं लिहून चालेल का? अर्जाच्या शेवटी 'रेसिडेन्सीत निर्माण झालेल्या सर्व कलाकृती दालनाच्या संग्रहात जमा होतील' असं वाक्य आहे, ते सगळीकडेच असतं का? आणि इंग्रजीत लिहिणं मला जड जातं. बिनपगारी रजेचं मुख्याध्यापक बाईंशी बोलून झालंय, ती मिळेल. पण एवढी रजा टाकून जायचं आणि घरी केली असती तीच चित्रं करून परत यायचं, असं व्हायला नको.

शाईचा रोलर (बडोदा)

खोलीत प्रेस (छापायचं यंत्र) आहे का, ते सगळ्यात आधी विचारा. बहुतेक दालनांत नसतो. वुडकट कागदाच्या मागून चमच्याने घासूनही निघतो, त्यामुळे अडणार नाही, पण ठोकळा मोठा असेल तर खांदा जातो. तिथे कोरायचं आणि शेवटचे काही दिवस दुसरीकडे प्रेसवर छापायचं, असं वेळापत्रक प्रस्तावातच घाला आणि त्याचा प्रवासखर्चही मागा. आमच्याकडे बडोद्यात छापचित्रं करणाऱ्यांची 'छाप' ही कार्यशाळा आहे, दिल्लीत ललित कला अकादमीचे गढीचे स्टुडिओ आहेत, भोपाळच्या भारत भवनात ग्राफिकचा, म्हणजे छापचित्रांचा, विभाग आहे. भारत भवन १९८२ चं. तिथलं कलासंग्रहालय उभारणारे चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्या माणसांना मध्य प्रदेशातल्या पाटणगढ गावी भिंतींवर गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांचं काम दिसलं, ते भोपाळला आले आणि याच ग्राफिक विभागात कामाला लागले. सरकारी इमारतीतल्या एका प्रेसने काय होऊ शकतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

तळमजला (मिरज)

ताई, मीही मुद्राचित्रकार. निवड समितीवर बसून असे अर्ज वाचलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'मागांची मालिका पुढे नेणार' एवढंच लिहिलंत तर समितीतलं कोणीतरी विचारणारच, की मग इथे कशाला, इचलकरंजीतच करू दे की. आणि त्यांचं चुकीचं नसेल. सार्वजनिक दालन म्हणजे भाडं न भरता मिळालेली खोली नव्हे. तिथे संग्रह आहे, तो सांभाळणारी माणसं आहेत आणि रस्त्यावरून सहज आत येणारे लोक आहेत. तुमच्या कामाची गाठ या तिन्हींपैकी कशाशी पडणार, हे दोन पानांत दिसलं पाहिजे. शेवटी चित्र कसं होईल हे कोणी विचारत नाही, ते तुम्हालाही माहीत नसणार. सुरुवात कुठून करणार, एवढं मात्र ठाम सांगा.

लंडनच्या नॅशनल गॅलरीने १९९० साली पाउला रेगो या पोर्तुगीज चित्रकर्तीला पहिली असोसिएट आर्टिस्ट, म्हणजे संग्रहाला धरून तिथेच काम करणारी चित्रकार, म्हणून बोलावलं. ती आधी नाहीच म्हणाली होती, कारण संग्रह जवळजवळ सगळा पुरुषांनी रंगवलेला. मग गेली. तळघरात स्टुडिओ मिळाला. वर जाऊन चित्रं बघायची आणि खाली येऊन काम करायचं. पंधराव्या शतकातला इटालियन चित्रकार क्रिव्हेल्ली याच्या एका वेदीचित्राच्या (चर्चमधल्या वेदीवर लावायच्या चित्राच्या) खालच्या पट्टीत संतांचे छोटे छोटे प्रसंग आहेत. मोठ्या चित्रापुढे उभं राहिल्यावर त्या पट्टीकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. रेगोने तीच धरली, तिथल्या बागेची कल्पना केली आणि गॅलरीच्या उपाहारगृहासाठी भलंमोठं भित्तिचित्र केलं, पोर्तुगालच्या निळ्या-पांढऱ्या फरशांच्या रंगात (तशा फरशा पणजीतही बघायला मिळतात). त्यात मुख्यतः संत आणि बायबलमधल्या स्त्रिया, आणि त्यातल्या काहींसाठी मॉडेल म्हणून बसल्या गॅलरीतच नोकरी करणाऱ्या बायका. संग्रह, माणसं, जागा, तिन्ही एका कामात आली.

आपल्याकडे राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बघा. मालकी मुंबई महापालिकेची, इमारत १८७२ ची, दुरुस्तीनंतर २००८ मध्ये पुन्हा उघडलं. तेव्हापासून तिथे आजच्या चित्रकारांना संग्रहाला आणि इतिहासाला धरून काम करायला बोलावतात. सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट, अतुल दोडिया, सगळ्यांनी केलंय. त्या रेसिडेन्सी नव्हत्या, निमंत्रित प्रकल्प होते, पण रीत शिकण्यासारखी आहे. २०१३ मध्ये रीना कल्लाट यांनी इमारतीच्या दर्शनी भागावर कोळ्याचं प्रचंड जाळं लावलं होतं. ते विणलं होतं रबरी शिक्क्यांनी, आणि एकेका शिक्क्यावर मुंबईतल्या रस्त्याचं बदललेलं जुनं नाव. कचेरीतला शिक्का, महापालिकेची इमारत, महापालिकेनेच बदललेली नावं. हे काम दुसऱ्या कुठल्या भिंतीवर लावलं असतं तर निम्मं झालं असतं.

आता तुमचं. संस्थानी व्यक्तिचित्रं आहेत म्हणता. त्यांत चेहऱ्यापेक्षा जास्त जागा कापडाची असते. पागोटं, अंगरखा, शालूचा पदर, कोचावरची झूल, मागचा पडदा. चित्रकाराने काही ठिकाणी वीण मन लावून काढलेली असते आणि काही ठिकाणी ब्रश नुसता फिरवून वेळ मारून नेलेली असते. हातमागाचं कोणतं, गिरणीचं कोणतं, कुठला काठ खरोखर विणता येईल आणि कुठला फक्त रंगवण्यापुरता आहे, हे त्या अख्ख्या इमारतीत तुमच्याइतकं कोणाला ओळखता येणार आहे? मला तर नाही येणार. घरच्या मागांवर तयार झालेली ही नजर हाच तुमचा प्रस्ताव. चार-पाच व्यक्तिचित्रं निवडा, त्यांतलं कापड लाकडात कोरा, आणि ते विणणारा माणूसही त्याच ठोकळ्यात आणा. तो त्या चित्रांत कधीच आलेला नाही. मागांची मालिका यातूनच पुढे जाईल, वेगळी करायची गरजच राहणार नाही.

अर्ज भरायच्या आधी एकदा तिथे जाऊन या. भिंतीवरचं तर बघाच, पण कोठारात काय आहे ते विचारा आणि नोंदवही दाखवता का म्हणून विनंती करा. राखणदाराशी बोला, लोक कुठल्या चित्रापुढे थांबतात ते त्यांना पक्कं माहीत असतं. प्रस्तावात चित्राचं नाव आणि नोंदणी क्रमांक घालून लिहिलंत की वाचणाऱ्याला कळतं, ही बाई येऊन बघून गेली आहे.

पेन्सिल बॉक्स (पुणे)

वरचं पटतं, पण रविवारच्या अटीबद्दल सावध करते. एका सरकारी दालनात मी राहिले होते, तिथे 'उपक्रम' म्हणता म्हणता पाहुण्यांच्या स्वागताचे फलक रंगवणं, शाळांच्या स्पर्धांचं परीक्षण, सगळंच गळ्यात पडलं. स्वतःचं काम रात्री. रविवारी किती तास, किती माणसं, साहित्याचा खर्च कोणाचा, आणि याव्यतिरिक्त काही करायचं नाही, हे आधी लेखी घ्या. मागायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. तरी मागा.

कलम सत्तावन्न (नाशिक)

मी वकील, चित्रकार नाही. जमा होण्याच्या वाक्याबद्दल सांगतो. कलाकृतीची वस्तू आणि तिचा कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, करारात दोन्ही वेगळ्या लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन कोणी सांगून करवून घेतलेल्या चित्राचा किंवा एनग्रेव्हिंगचा (कोरून छापलेल्या चित्राचा) पहिला कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याकडे जातो. आणि एनग्रेव्हिंगच्या व्याख्येत या कायद्याने वुडकट नाव घेऊन घातलेला आहे. मानधन म्हणजे असा मोबदला की नाही यावर पुढे वाद घालण्यापेक्षा 'कॉपीराइट कलाकाराकडेच राहील' हे एक वाक्य आत्ताच टाकून घ्या.

कलम ५७ मात्र कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी तुमच्याकडेच राहतं: नाव लावण्याचा हक्क, आणि कामाची मोडतोड होऊन तुमच्या लौकिकाला बाधा आली तर दाद मागण्याचा हक्क. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. ते कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला सांगितलं आणि केंद्र सरकारला पाच लाखांची भरपाई द्यायला लावली.

तळमजला (मिरज)

वकीलसाहेबांचे आभार. त्यात मुद्राचित्रकाराच्या बाजूने एक भर घालतो. 'सर्व कलाकृती' हे शब्द सगळीकडे नसतात आणि ते मान्य करू नका. आपल्याकडे एका ठोकळ्यावरून ठरावीक प्रती छापतात, ती आवृत्ती. प्रत्येक आवृत्तीतली एक सही केलेली प्रत दालनाला द्या, ते रास्तच आहे, लोकांच्या पैशातून काम झालेलं असतं. ठोकळे मात्र तुमचे. आवृत्ती किती प्रतींची हेही करारात घाला.

धोटा (इचलकरंजी)

सर, कापडाचं वाचून दालनाच्या माहितीपत्रकातले फोटो पुन्हा काढून बघितले. एका राणीसाहेबांच्या चित्रात पदराची नक्षी एका बाजूला सुटी सुटी आहे आणि निरीजवळ एकदम दाट झालीय. हे विणणाऱ्याने केलं की चित्रकाराने, ते बघायलाच हवं! शनिवारी जाऊन चित्रच बघते, नोंदवहीचंही विचारते. ताई, वकीलसाहेब, तुमचे मुद्दे वहीत उतरवून घेतलेत.

दोन गोष्टी राहिल्या. मराठीत लिहिलं तर अर्ज मागे पडेल का? आणि रविवारी काय करू? मुलांच्या हातात वुडकटची हत्यारं द्यायला भीती वाटते.

तळमजला (मिरज)

मराठीतच लिहा. महापालिका महाराष्ट्रातली आहे, मराठी अर्ज त्यांना नाकारता येऊ नये. अर्जात स्पष्ट नसेल तर आधी पत्र टाकून विचारा. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स अनुदानासाठी मराठीतले प्रस्ताव घेतं, तिथेही पुढे करून बघा.

हत्यारं नकोतच. लोकांना घरून जुन्या कापडाचा तुकडा आणायला सांगा, कोणी धोतराचा आणेल, कोणी गोधडीचा. पहिल्या रविवारी तो पुठ्ठ्यावर फेविकॉलने चिकटवायचा आणि वरून पातळ फेविकॉलचा हात द्यायचा, नाहीतर कापड सगळी शाई पिऊन टाकतं. वाळायला वेळ लागतो, म्हणून छपाई पुढच्या रविवारी. तीच माणसं दुसऱ्यांदा येतात, दालनाला हेच हवं असतं. मग रोलरने शाई, वर जरा दमट केलेला कागद, आणि चमच्याने घासायचं. वीण धाग्यासकट उठते. त्या दिवशी तुमची निवडलेली व्यक्तिचित्रं लोकांना आधी दाखवून आणा. शाई पाण्याची घ्या, रॉकेलने रोलर पुसणं जुन्या तैलचित्रांच्या इमारतीत नको, आणि हेही प्रस्तावात लिहून टाका, संग्रह सांभाळणारे पहिली शंका तीच काढतील.