प्रशिक्षणाचा हिशेब: उणे 54 हजार की अधिक 50 हजार?

अनुजा_कोलंबस
नमस्कार मंडळी. ओहायोत सार्वजनिक धोरणाचा अभ्यास करतेय. सत्राचा निबंध घेतलाय टीएए म्हणजे ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्सवर. बाहेरून येणाऱ्या मालामुळे किंवा कारखानाच परदेशी गेल्यामुळे काम गेलं, तर सरकार नव्या कामाच्या प्रशिक्षणाची फी भरायचं आणि बेकारभत्ता संपल्यावर शिकत असेपर्यंत निर्वाहभत्ता द्यायचं. 1962 ला केनेडींच्या काळात सुरू झालेली योजना. 1 जुलै 2022 पासून नवे अर्ज मंजूर होणं बंद आहे.

अडचण अशी की मॅथेमॅटिका या संस्थेचा 2012 चा अभ्यास म्हणतो, योजनेत गेलेल्यांची कमाई चार वर्षांनीही न गेलेल्यांपेक्षा कमीच, आणि समाजाला माणशी सुमारे 54,000 डॉलरचा तोटा. बेंजामिन हायमन यांचा 2018 चा अभ्यास म्हणतो, दहा वर्षांत माणशी सुमारे 50,000 डॉलर जास्त कमाई. योजना तीच, देश तोच. मग खरं कुणाचं धरायचं? की दोन्हींची सरासरी काढून मोकळं व्हायचं? :)

विदाखोर
सरासरी काढलीत तर प्राध्यापक घरी पाठवतील.

दोघांनी तुलना वेगवेगळ्या माणसांशी केली आहे. मॅथेमॅटिकाने टीएएवाल्यांसमोर त्याच भागातले, वय-पगार जुळणारे बेकारभत्ता घेणारे उभे केले. पण बेकारभत्ता घेणाऱ्यांत चार महिन्यांनी मालकाने परत बोलावलेला माणूसही असतो. टीएएवाल्याचं मशीनच उचलून नेलेलं असतं. कागदावर दोघे जुळे, नशिबाने नाही.

हायमन यांनी वेगळी वाट काढली. कामगारांचे अर्ज कामगार खात्यातल्या तपासनिसांकडे जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटले जायचे. कुणी सैल हाताचा, कुणी कडक. सारख्याच दोन अर्जांपैकी एक मंजूर, एक नामंजूर, तेही केवळ टेबल बदललं म्हणून. अशा लोकांची कमाई त्यांनी वर्षानुवर्षं मागे लागून पाहिली. माझा कौल त्यांना. पण त्यांचं पुढचं वाक्य गाळू नका: दहाव्या वर्षी दोन्ही गटांची वार्षिक कमाई पुन्हा एका पातळीला येते. फायदा झाला तो मधल्या वर्षांत.

लेथवाला_मिशिगन
अनुजाताई, मी इचलकरंजीचा, आयटीआय टर्नर. गेली बरीच वर्षं पश्चिम मिशिगनमध्ये कम्युनिटी कॉलेजात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी कटिंग मशीनं, शिकवतो. आकडेशास्त्र विदाखोरांनी सांगितलंच, मी वर्गातलं सांगतो.

आमच्याजवळ ग्रीनव्हिल नावाचं छोटं गाव आहे. तिथला फ्रिजचा कारखाना 2006 मध्ये बंद होऊन मेक्सिकोत गेला, सुमारे 2,700 जणांचं काम गेलं. त्या सुमाराला माझ्या वर्गात पन्नाशीचे बाप्ये यायचे, उभा जन्म प्रेसवर काढलेले. हातात मायक्रोमीटर दिला की माझ्याआधी माप सांगायचे. तोच माणूस स्क्रीनवर टूल ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाचे आकडे, टाकायला बसला की घामाघूम. एकाला तर साइन-कोसाइनपेक्षा कीबोर्डची जास्त धास्ती होती.

आता तारखा बघा. तेव्हाचा नियम: काम सुटल्यापासून 16 आठवडे किंवा मंजुरीपासून 8 आठवडे, यांतलं जे उशिरा येईल त्याच्या आत कोर्सला नाव घाला किंवा सूट घ्या, नाहीतर निर्वाहभत्ता गेला. (2009 मध्ये ती मुदत 26 आठवड्यांवर आली.) कॉलेजचं सत्र काही त्यांच्या मुदतीवर सुरू होत नाही. मग काय, ज्या कोर्सला जागा असेल तिथे नाव! वेल्डिंग हवं असलेला माणूस मेडिकल बिलिंगला, म्हणजे दवाखान्याची बिलं करायला शिकायला, बसलेला मी पाहिलाय. पुढे तुम्ही त्याची कमाई मोजून म्हणणार, ‘प्रशिक्षणाचा उपयोग नाही.’ अहो, कुठल्या प्रशिक्षणाचा?

आणि मॅथेमॅटिकाच्या अभ्यासातली माणसं 2005-06 च्या सुमाराची. दोन वर्षं शिकून बाहेर पडली ती थेट 2008-09 च्या मंदीत. न शिकलेल्याने तोवर कुठेतरी पाय रोवला होता. शिकणाऱ्याची कमाई शिकतानाही नाही आणि शिकल्यावरही नाही. चार वर्षांवर पट्टी ठेवली तर तोटाच दिसणार. पट्टी किती लांब घ्यायची, हे ठरवलं की अर्धं उत्तर आधीच ठरतं.

अनुजा_कोलंबस
हे फार कामाचं आहे, दादा. पण दर तिमाहीचे अधिकृत आकडे तर असतातच ना? योजनेतून बाहेर पडल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत नोकरी आहे का, दुसऱ्या तिमाहीत मध्यक (रांगेतल्या मधल्या माणसाची) कमाई किती, असे निकष 2015 च्या कायद्याने टीएएलाही लावलेत.

लेथवाला_मिशिगन
आहेत की. फक्त ते कुठून येतात तेही बघा. मालक दर तिमाहीला बेकारी विम्यासाठी पगाराची नोंद राज्याकडे पाठवतो, तिच्याशी नाव जुळवतात. त्या नोंदीत तिमाहीचा एकूण पगार असतो, तास बहुतेक राज्यांत नसतात. म्हणजे आधी तासाला 18 डॉलर घेणारा आता 13 वर ओव्हरटाइम मारमारून तेवढाच आकडा गाठत असेल, तर कागदावर सगळं झकास. उलट, माझी एक विद्यार्थिनी स्वतःचं शिवणकामाचं दुकान टाकून बसली. स्वतःच मालक, त्यामुळे तिचा पगार त्या नोंदीत येतच नाही. सरकारच्या लेखी ती बेकार! शेजारच्या इंडियाना राज्यात कामाला गेलेल्याचं नाव राज्याराज्यांतल्या देवाणघेवाणीतून मिळतं, पण स्वतःच्या धंद्याला ती सोयही नाही.

‘बाहेर पडणं’ हीही गंमतच. 90 दिवस कुठलीच सेवा घेतली नाही की शेवटच्या सेवेची तारीख धरून माणूस बाहेर. समुपदेशकाने मध्ये एखादी सेवा नोंदवली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. यात कुणी लबाडी करतंच असं मी म्हणत नाही. पण ज्याचं मूल्यमापन होणार, घड्याळाची किल्लीही त्याच्याच हातात.

गिरणगावकर
मध्ये बोलतो, माफ करा. आमच्याकडे भारतात 1992 ला नॅशनल रिन्यूअल फंड हा सरकारी निधी आला होता, काम गेलेल्यांना नवं काम शिकवायला म्हणून. पैसा मुख्यतः व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची रक्कम, वाटण्यात गेला. लालबागच्या आमच्या चाळीत ‘पुढे काय केलंत, किती मिळतात’ विचारायला कुणी फिरकलं नाही. तुम्ही निदान दोन अभ्यासांवर भांडताय, तेही सुखच म्हणायचं. आता पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा खातेक्रमांक, आहे, संघटित नोकरीपुरतं तरी मोजता येईल. वडापावची गाडी टाकलेला मात्र तुमच्या त्या शिवणवालीसारखाच गायब.

विदाखोर
गिरणगावकर, +1.

अनुजाताई, एक जुना अभ्यास जोडून वाचाच: जेकबसन, लालोंड आणि सलिव्हन, 1993, पेनसिल्व्हेनिया. मुरलेले कामगार कामावरून गेले की पाच-सहा वर्षांनीही त्यांची कमाई सुमारे 25 टक्क्यांनी कमीच. म्हणून ‘पगार पूर्वीइतका झाला का’ हा निकष लावाल, तर कुठलीही योजना नापासच. योजना नसती तर किती घसरला असता, तुलना त्याच्याशी.

आणि पन्नाशीवरच्यांना याच योजनेत आणखी एक पर्याय होता, पगार-विमा: कमी पगाराची नोकरी धरली तर जुन्या-नव्या पगारातला निम्मा फरक, दोन वर्षांत कमाल 10,000 डॉलर. तिथे पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे लोक ताडून बघता येतात. हायमन, कोवाक आणि लीव्ह यांनी तेच केलं, आणि विम्याने लोक लवकर कामाला लागले असं निघालं.

लेथवाला_मिशिगन
ते कीबोर्डवाले गृहस्थ त्याच वाटेने गेले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. शिकण्याची हौस नव्हती, कामाची होती.

ताई, निबंधात एकच बेरीज देऊ नका. वर्षवार रेघ काढा आणि जमलं तर कोर्सवार फोडा. तुमच्याच गावात, ओहायो स्टेट विद्यापीठाकडे, पगाराच्या आणि कॉलेजच्या नोंदी जोडलेलं ओहायो लाँगिट्युडिनल डेटा अर्काइव्ह आहे. परवानगीचा अर्ज आत्ताच टाका, सत्र संपत आल्यावर धावपळ नको.