मदत हवी आहे: लिनक्सवर बाहेरच्या मॉनिटरचा ब्राइटनेस कीबोर्डवरून कमी-जास्त कसा करायचा?

डेस्कटॉप पीसी, एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर, वेलँड सेशन (वेलँड आणि जुनं एक्स११ या लिनक्सवर पडदा दाखवणाऱ्या दोन यंत्रणा). कर्नल पडद्यांचे दिवे जिथे दाखवतो ते सिस-क्लासमधलं बॅकलाइट फोल्डर रिकामं आहे, त्यामुळे ब्राइटनेसकंट्रोल या कमांडला हात घालायला काहीच मिळत नाही. एक्स११ मध्ये एक्सरँडआर कमांडने ब्राइटनेस उतरवला, तर चित्र नुसतं मळकट दिसतं. मॉनिटरला आज्ञा पाठवणाऱ्या डीडीसीयुटिल कमांडला मॉनिटर सुडोने (अ‍ॅडमिनच्या हक्काने) सापडतो, साध्या युजरला नाही. काय राहिलंय?

प्रतिसाद १
फोल्डर रिकामं असणारच. तिथे सहसा लॅपटॉपचा पॅनेल दिसतो. बाहेरच्या मॉनिटरचा बॅकलाइट कर्नलच्या ताब्यात नसतो. एक्सरँडआर फक्त गॅमा टेबल (रंगांच्या उजळपणाचा तक्ता) बदलतो, दिवा तेवढाच जळत राहतो. खरा बदल डीडीसी/सीआय या मॉनिटर-नियंत्रणाच्या प्रोटोकॉलमधूनच होतो: केबलमधल्या आयटूसी तारांवरून मॉनिटरला आज्ञा जाते, पत्ता हेक्स ३७, ब्राइटनेसचा कोड हेक्स १०, कॉन्ट्रास्टचा हेक्स १२.

सुडोने चालतंय म्हणजे आयटूसी-डेव्ह मॉड्यूल (या तारा प्रोग्रामना उघडून देणारा कर्नलचा भाग) लोड आहे, अडलंय परवानगीपाशी. डीडीसीयुटिल २ किंवा पुढची आवृत्ती असेल तर सोबतच्या युडेव्ह नियमाने (उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या) लॉगिन केलेल्या युजरला प्रवेश मिळतो. जुनी असेल तर स्वतःला आयटूसी ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. नवा टर्मिनल उघडून भागत नाही. सगळ्या आयटूसी बसना (अशा तारांच्या जोड्यांना) ६६६, म्हणजे कुणालाही वाचण्या-लिहिण्याची, परवानगी द्या, असे सल्ले दिसतील. त्या वाटेला जाऊ नका. मदरबोर्डची आतली बस, एसएमबसही, त्याच यादीत असते आणि रॅमची माहिती साठवणारी एसपीडी चिप तिच्यावरच बसलेली असते.

धागाकर्ता
ग्रुपने काम झालं. गेटव्हीसीपी १० (ब्राइटनेस वाचण्याची आज्ञा) ला उत्तर येतं: सध्या ७५, कमाल १००. पण शॉर्टकट दाबल्यावर बदल व्हायला फार वेळ लागतो, आणि बटण दाबून धरलं तर मधूनच एरर येतो.

प्रतिसाद २
बस नंबर न देता चालवलं की दर वेळी सगळ्या बस तपासल्या जातात. डिटेक्टमध्ये (मॉनिटर शोधण्याच्या आज्ञेत) आयटूसी-५ दिसलं तर शॉर्टकटमध्ये 'बस ५' पर्याय लिहा, शिवाय नोव्हेरिफाय द्या म्हणजे लिहिल्यावर परत वाचणं टळतं. पायरी पाचची ठेवा: 'सेटव्हीसीपी १० + ५', अधिक चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून.

एरर येतो तो घाईमुळे. एका आज्ञेनंतर मॉनिटरला साधारण ५० मिलिसेकंद उसंत लागते. स्क्रिप्टला फ्लॉक (एका वेळी एकच प्रत चालू देणारं कुलूप) लावा, म्हणजे दोन आज्ञा एकमेकींवर आदळणार नाहीत. केडीईचा प्लाझ्मा ६ डेस्कटॉप असेल तर हे सगळं कशाला? त्याचा वीज-व्यवस्था पाहणारा पॉवरडेव्हिल हेच काम डीडीसीयुटिलच्या लिबडीडीसीयुटिल लायब्ररीमधून करतो, आणि स्क्रिप्ट व पॉवरडेव्हिल दोघांनी एकाच वेळी बस धरली की पुन्हा तेच एरर.

प्रतिसाद १
पुढेमागे एखादा मॉनिटर सापडलाच नाही, तर आधी त्याच्या मेनूत डीडीसी/सीआय चालू आहे का बघा. मग मधला डॉक (जोड-बॉक्स) काढून थेट केबल लावा; डिस्प्लेलिंकच्या यूएसबी अडॅप्टरमागे डीडीसीची आशा धरू नका. आज्ञा पोचते, आकडा वाचता येतो, पण उजेड हलत नाही, असं झालं तर मेनूतला इको किंवा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा.