प्रति: ओट्याची उंची

ओट्याची उंची बाजारातील ठरीव मापावरून न ठरवता घरात सर्वाधिक स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरावरून ठरवावी, हे मत मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र स्वयंपाकाची सगळी कामे उभ्यानेच होतात, हे त्यामागचे गृहीतक गोव्यातील घरांना लागू पडत नाही. आमच्याकडे नारळ रोज खवला जातो, मासळी विळीवर चिरली जाते, आणि ही दोन्ही कामे बसूनच नीट होतात. म्हणून फोंड्यातील घराचे नूतनीकरण करताना आम्ही मागच्या पडवीला लागून जमिनीपासून जेमतेम सहा इंच उंचीचा कडाप्प्याचा बसका ओटा, स्वतंत्र नळ आणि उताराची मोरी करून घेतली. आईला त्या जागेचा किती आधार वाटतो, हे मी रोज पाहतो.

सिंकखालच्या कपाटाविषयी एवढेच सांगेन की, तिथे आम्ही आधी साधे प्लायवूड वापरले होते आणि ते दुसऱ्याच पावसाळ्यात फुगले. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात तिथे आयएस 710 (मरीन प्लायवूडसाठीचे भारतीय मानक) प्रतीचे, ओलाव्यात टिकणारे मरीन प्लायवूडच घ्यावे.