मरियेची ‘पूजा’, ‘भक्ती’ की ‘सन्मान’? अनुवादातील एक अडचण

अनुवादिका

आमच्या धर्मग्रामासाठी एका छोट्या प्रश्नोत्तर पुस्तिकेचा इंग्रजीतून मराठीत अनुवाद करण्याचे काम मी हाती घेतले आहे. कॅथलिक नसलेल्या शेजाऱ्यांना आणि विवाहामुळे आमच्या घरांत आलेल्या मंडळींना समोर ठेवून ती लिहिलेली असल्यामुळे प्रश्न नेहमीचेच आहेत: शुद्धिस्थान म्हणजे काय, पापनिवेदन धर्मगुरूंपुढेच का करायचे, आणि कॅथलिक लोक मरियेची व संतांची पूजा करतात काय. या शेवटच्या प्रश्नाचे इंग्रजी उत्तर एका ओळीचे आहे. कॅथलिक मरियेला ‘वर्शिप’ करत नाहीत, ‘व्हेनरेट’ करतात, असे ते म्हणते. मी लिहिले, ‘कॅथलिक मरियेची पूजा करत नाहीत, तिचा सन्मान करतात.’ मसुदा वाचणाऱ्या एका ज्येष्ठ भगिनींनी ‘सन्मान’ खोडला आणि समासात लिहिले की सन्मान शाल-श्रीफळ देऊन पाहुण्यांचा होतो, आईचा नव्हे. तेथे मी ‘भक्ती’ घातला, तर दुसऱ्या वाचकांनी भक्ती केवळ परमेश्वराचीच असते म्हणून तोही खोडला. दोन्ही आक्षेप मला मनापासून पटतात, म्हणूनच येथे विचारते आहे.

तळटीप

ताई, अडचण ‘व्हेनरेट’मध्ये कमी आणि ‘पूजा’मध्ये अधिक आहे असे मला वाटते. इंग्रजी ‘वर्शिप’ आज बहुतांशी देवापुरता उरला आहे, तर मराठी पूजेचा पसारा फार मोठा आहे. खंडेनवमीला आपण हत्यारांची आणि अवजारांची पूजा करतो, पोळ्याला बैलाची करतो, गुरुपौर्णिमेला गुरुपूजन करतो आणि पत्रात वडीलधाऱ्यांना ‘पूज्य’ लिहितो. यांपैकी कोणालाही आपण विश्वाचा निर्माता मानत नाही. म्हणून ‘कॅथलिक मरियेची पूजा करत नाहीत’ हे वाक्य मराठी वाचकाला शब्दशः कळले तरी त्यातून त्याला भलताच बोध होतो: बैलाला जे मिळते तेवढेही मरियेला मिळत नाही की काय? नकाराचे वाक्य मुळात ‘पूजा’ या शब्दावर उभे करू नये.

खाडीकाठ

मी वसईचा. आमच्याकडे रूढी पुष्कळ स्पष्ट आहे. ‘आराधना’ हा शब्द पवित्र साक्रामेंतासाठी, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानल्या जाणाऱ्या मिस्सातील भाकरीसाठी, ठेवलेला आहे. साक्रामेंत वेदीवर मांडून त्यापुढे जी प्रार्थना होते ती आराधना, आणि ‘मरियेची आराधना’ असे आमच्या घरात कोणी म्हणाल्याचे मला आठवत नाही. मरियेची मात्र भक्ती असते, संतांचीही असते आणि जपमाळेचीसुद्धा असते. मराठीत मातृभक्ती आणि देशभक्ती असते, मग संत गोन्सालो गार्सियाची भक्ती का नसावी? वसईत जन्मलेला, 1597 साली नागासाकीला क्रुसावर प्राण दिलेला आणि 1862 साली संतपदी पोहोचलेला हा आमचा माणूस आहे. त्याचा केवळ ‘सन्मान’ करा असे सांगितले तर आमच्या आजीला ते कानाला टोचले असते.

यात शब्दांइतकीच देहाचीही भाषा आहे. चर्चमध्ये शिरल्यावर उजवा गुडघा जमिनीला टेकतो तो साक्रामेंतापुढे. मरियेच्या मूर्तीपुढे आपण मस्तक लववतो. धूप दाखवतानाही नियम आहे. साक्रामेंताला धूपदाणी तीनदा हलवतात, संतांच्या अवशेषांना आणि प्रतिमांना दोनदा. ज्याला हा भेद समजून घ्यायचा आहे त्याने धूपदाणीकडे पाहावे, शब्दकोश नंतर उघडावा.

शब्दशोधक

रूढीचा आदर राखूनही सांगतो की भेद शास्त्राने केला असेल तर भाषेनेही तो काटेकोरपणे दाखवला पाहिजे. ईश्वराला जे अर्पायचे ते लात्रिया, संतांना जे द्यायचे ते दुलिया, आणि मरियेला संतांहून अधिक पण ईश्वराहून निश्चित कमी असे जे द्यायचे ते हिपरदुलिया, अशा तीन संज्ञा आहेत. त्यांना अनुक्रमे ‘आराधना’, ‘वंदना’ आणि ‘परमवंदना’ असे तीन शब्द नेमून द्यावेत आणि पुस्तिकेत आरंभापासून शेवटपर्यंत तेच पाळावेत. ‘भक्ती’ मात्र नको. नवविधा भक्तीत श्रवणापासून आत्मनिवेदनापर्यंत सर्व येते, आणि आत्मनिवेदन संतांपुढे करायचे नसते.

नगरी

मी प्रॉटेस्टंट घरातला, अहिल्यानगरकडचा. आमच्याकडे रविवारी होते ती ‘उपासना’, आणि ती एकट्या परमेश्वराची. शास्त्रलेखही आम्हांला लहानपणापासून पाठ आहे: ‘परमेश्वर तुझा देव ह्याला नमन कर व केवळ त्याचीच उपासना कर.’ आपण येथे जे तीन शब्द वाटून देत आहात ते वाचून माझ्या मनात प्रामाणिक शंका येते. मूर्तीपुढे मेणबत्ती लावणाऱ्या माणसाच्या अंतःकरणात हे तीन कप्पे खरोखर असतात काय? शब्द बदलल्याने कृती बदलते का? हा प्रश्न दुखावण्यासाठी विचारलेला नाही, माझी थोरली बहीण कॅथलिक घरात दिलेली आहे.

तळटीप

नगरी यांनी उद्धृत केलेल्या त्याच वचनात या वादाची गुरुकिल्ली आहे. तेथे ‘नमन’ आणि ‘उपासना’ असे दोन वेगळे शब्द आहेत, कारण मूळ ग्रीकमध्येही दोन वेगळी क्रियापदे आहेत. नमनाच्या जागी जे आहे त्याचे नाम प्रोस्कुनेसिस, आणि उपासनेच्या जागी जे आहे त्याचे लात्रेइया, म्हणजे वर आलेली लात्रियाच. आता ‘केवळ’ कोठे आहे ते पाहावे. ते नमनाला लागलेले नाही, उपासनेला लागले आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात अब्राहाम साराच्या दफनासाठी जमीन मागताना हेथी लोकांपुढे वाकतो, तेथे नमनाचे हेच क्रियापद वापरलेले आहे, आणि त्याने हेथींना देव मानले असे कोणी म्हणत नाही.

787 साली निकेआच्या दुसऱ्या परिषदेने, म्हणजे बिशपांच्या सभेने, पवित्र चित्रांविषयीचा निर्णय याच भेदावर आधारला: चित्रांना प्रोस्कुनेसिस योग्य आहे, लात्रेइया मात्र केवळ ईश्वराची. पुढे जे घडले ते प्रत्येक अनुवादकाने लक्षात ठेवावे असे आहे. परिषदेच्या कामकाजाचे जे लॅटिन भाषांतर फ्रँक राजा शार्लमेनच्या दरबारी पोहोचले, त्यात प्रोस्कुनेसिससाठी ‘आदोरातियो’ हा शब्द वापरला होता, आणि लॅटिन वाचकाच्या मनात तो ईश्वराच्या आराधनेशी जोडलेला होता. पूर्वेकडचे लोक चित्रांची आराधना करायला सांगतात असा तेथील विद्वानांचा समज झाला, त्यांनी विस्तृत खंडन लिहिले, आणि 794 साली फ्रँकफर्टच्या धर्मसभेने ती शिकवण धिक्कारली. अधिक चांगले लॅटिन भाषांतर ग्रंथपाल अनास्तासियुसने केले, ते 873 साली. एका शब्दामुळे दोन प्रदेशांतील धर्मपंडित एकमेकांविरुद्ध उभे राहिले, त्यामुळे ताईंची अडचण कोणी किरकोळ समजू नये.

शब्दशोधक

हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. संज्ञा नेमक्या असत्या तर हा घोळ झाला नसता.

तळटीप

संज्ञा ग्रीकमध्ये नेमक्याच होत्या, तरीही घोळ झाला. शिवाय कॅथलिक परंपरेनेही हे कप्पे सर्वत्र सारखे ठेवलेले नाहीत. शुभ शुक्रवारी क्रुसापुढे जो विधी होतो त्याला 2011 सालच्या इंग्रजी मिस्साग्रंथात (उपासनाविधीच्या पुस्तकात) ‘अडोरेशन’ म्हटले आहे, त्यापूर्वीच्या भाषांतरात ‘व्हेनरेशन’ होते. आणि त्या दिवसापासून पुनरुत्थानाच्या जागरविधीपर्यंत क्रुसापुढे गुडघाही टेकतात. थॉमस अक्वायनस तर क्रुसाला लात्रिया देय आहे असेच म्हणतो, कारण तो मान लाकडाला नसून ज्याला त्यावर खिळले त्याला आहे. ‘आराधना’ला एकाच खणात बंद केल्यावर या विधीचे काय करणार?

बार्देशकर

मी गोव्याचा असल्यामुळे थोडे वेगळे बोलतो. आमच्या म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे चमत्कारांच्या मरियामातेच्या, फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन येतात, आणि शिरगावची लईराई देवी ही तिची बहीण मानली जाते. तेथे कोणता भाविक कोणता भाव घेऊन आला आहे हे शब्दांवरून ठरवता येत नाही, आणि माझ्या मते ठरवूही नये. ‘सायबीण’ म्हणजे मालकीण. या एका नावातच आदर आहे, जवळीक आहे आणि आश्रयही आहे. जी नावे आणि क्रिया लोकांनी चारशे वर्षे जपल्या त्या बाजूला सारून ‘परमवंदना’सारखा शब्द घडवल्यास तो पुस्तिकेतच राहील. आमच्या जुन्या पिढीने ‘कुमसार’ (पापनिवेदन) आणि ‘कुमगार’ (ख्रिस्तशरीर स्वीकारणे) हे पोर्तुगीज मुळाचे शब्द कोकणीत असे मुरवले की त्यांचे परकेपण कोणाला जाणवत नाही.

शब्दशोधक

परंतु मराठीत ‘पापनिवेदन’ आणि ‘ख्रिस्तशरीर’ हे शब्द उपलब्ध आहेत, अर्थ स्वतःच सांगतात, आणि कॅथलिक नसलेल्या वाचकालाही कळतात. ‘कुमगार’ हा शब्द त्याला काहीच सांगत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली गोव्यातील राचोलला ख्रिस्तपुराण हे मराठी काव्य छापले, तेव्हा स्वर्गासाठी वैकुंठ हा येथील शब्द निःसंकोच वापरला. या मातीतील शब्दांत धर्म सांगण्याची ती परंपरा मी पुढे नेऊ पाहतो.

खाडीकाठ

स्टीफन्स यांनी लोकांच्या तोंडी असलेला शब्द उचलला, नवा घडवला नाही. ‘वैकुंठ’ त्या काळच्या श्रोत्याला घरचा होता. ‘परमवंदना’ कोणाच्या घरची आहे? शिवाय आमची ‘मिस्सा’ लॅटिनमधून आली तरी आज ती मराठीच आहे. तिला ‘ख्रिस्तयाग’ म्हणणारेही आहेत आणि मला तो शब्द आवडतो, पण सकाळी घरातून निघताना आम्ही मिस्सालाच जातो.

नगरी यांच्या प्रश्नाकडे मात्र पुन्हा यावेसे वाटते, कारण त्याचे उत्तर प्रार्थनेतच आहे. संतांच्या नामावलीची जी जुनी प्रार्थना आहे ती नीट ऐकावी. नाव परमेश्वराचे किंवा ख्रिस्ताचे आले की सगळे म्हणतात, ‘आम्हांवर दया कर.’ नाव मरियेचे किंवा एखाद्या संताचे आले की म्हणतात, ‘आम्हांसाठी विनंती कर.’ लॅटिनमध्येही असेच दोन प्रतिसाद आहेत. दया करणारा एक, विनंती करणारे अनेक. ही प्रार्थना म्हणणाऱ्या निरक्षर माणसालाही तो भेद ठाऊक असतो, कारण त्याच्या तोंडचे वाक्यच बदलते. म्हणून ताईंना माझी सूचना अशी की नामांच्या मागे न लागता उत्तर क्रियापदांनी द्यावे: ‘आम्ही मरियेपाशी दया मागत नाही, आमच्यासाठी विनंती करण्याची याचना करतो.’

नगरी

हा मुद्दा मला मोलाचा वाटतो आणि बहिणीच्या घरी ती प्रार्थना मी ऐकलेली आहे. तरीही ज्यांना आपण पाहू शकत नाही अशा मृतांना विनंती करावी की नाही, हा आमचा जुना आक्षेप त्याने मिटत नाही. तो शब्दांचा प्रश्न नव्हे, हेही मान्य आहे.

रानवारा

एक विचारतो. संतांचा विषय निघालाच आहे, तर ‘सेंट’ हा शब्द आपल्या ‘संत’वरूनच गेला असणार ना? अर्थ तोच, उच्चार तोच.

तळटीप

नाही. आपला संत संस्कृत ‘सत्’पासून आला आहे आणि त्याच्या मुळाशी ‘अस्’ म्हणजे असणे हा धातू आहे. सेंट आला लॅटिन ‘सांक्तुस’वरून, ज्याचा अर्थ पवित्र ठरवलेला असा आहे. साम्य योगायोगाचे आहे, पण त्याचा लाभ मराठी ख्रिस्ती भाषेला मोठा झाला, कारण तुकारामांसाठी असलेला शब्द गोन्सालोसाठी तयारच मिळाला. सांताक्रूझमधील ‘सांता’ मात्र संत नव्हे, तेथे अर्थ पवित्र क्रूस असा आहे.

रानवारा

मग बांद्र्याच्या मरियेला मोतमाउली म्हणतात, त्यातील ‘मोत’ तरी मोत्यावरूनच आला असेल. मूर्ती कोळ्यांना समुद्रात सापडली अशी कथा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि समुद्रातून मिळते ते मोतीच.

तळटीप

कथा सुंदर आहे, पण मोती मराठी समासात आपला ईकार सोडत नाही. मोतीचूर, मोतीबिंदू, मोतीमहाल हे शब्द पाहावेत. ‘मोतीमाउली’ झाली असती. पोर्तुगीज ‘मोंते’ म्हणजे डोंगर, ती डोंगरावरची माउली आहे, आणि इंग्रजीतही ‘माउंट’च म्हणतात. अनुस्वार गळाला आणि ‘मोत’ राहिले असावे.

बार्देशकर

व्याकरण तसे म्हणत असेल, परंतु भाविकाने ‘मोत’ म्हणताना डोंगर डोळ्यांपुढे आणला नाही, मोती आणला. मग शब्दाचा आजचा अर्थ कोणता? आणि ‘माउली’कडेही पाहा. जो शब्द वारकरी ज्ञानेश्वरांना आणि विठ्ठलाला लावतात तोच कोळी बांधवांनी मरियेला लावला. त्यात आराधना, वंदना आणि भक्ती यांची वाटणी कोणी केली नाही.

अनुवादिका

सर्वांचे आभार. क्रियापदांची सूचना मी मसुद्यात घातली आहे. परंतु पुढच्याच परिच्छेदात संतांना केलेल्या ‘व्हाउ’चा उल्लेख आहे आणि तेथे मी ‘नवस’ लिहिला आहे. तो ठीक आहे का?

शब्दशोधक

नाही. 1983 च्या धर्मसंहितेच्या (कॅथलिक चर्चच्या कायद्यांच्या संहितेच्या) 1191 व्या कलमात जे वचन सांगितले आहे ते ईश्वरालाच दिलेले असते. त्याला ‘व्रत’ हा शब्द आहे, आणि भगिनींना व्रतस्थ म्हणतो ते त्याच अर्थाने. नवसात ‘तू मला हे दे, मी तुला ते देईन’ अशी अट असते.

खाडीकाठ

अट घालून केलेले वचनही धर्मसंहितेला मान्य आहे, याच कलमांत पुढे अट पूर्ण न झाल्यास वचन संपते असा उल्लेख येतो. आणि सप्टेंबरात बांद्र्याच्या जत्रेला मेणाचा पाय किंवा मेणाचे बाळ घेऊन डोंगर चढणाऱ्या आईला विचारून पाहावे. ती व्रत करायला आलेली नसते, नवस फेडायला आलेली असते. तिचे मूल बरे झाले आहे आणि तिला आभार मानायचे आहेत. ‘नवस’ राहू द्यावा.

शब्दशोधक

मग तो कोणाला केला होता, ईश्वराला की माउलीला, हे पुस्तिकेने सांगितलेच पाहिजे.

खाडीकाठ

माउलीपाशी, ईश्वराला. मराठीत ‘पाशी’ हे शब्दयोगी अव्यय त्यासाठीच आहे.